वजिराचा कोरा चेहरा

अण्णा, इथल्या, आखातातल्या आपल्या जहऱ्याच्या घरातली तुमची ती लांब वही अजून माझ्याकडे आहे. कंपनीच्या स्टोअरमधून आणलेली, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या वीसेक पानांवर तुमच्या हातचे पाइपांचे आणि व्हॉल्व्हचे आकडे आहेत, आणि त्यानंतर एकदम माझी बाराखडी सुरू होते. तुम्ही गेलात तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आता तिशीला आले. मधल्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायला बसले की वाटायचं, आधी नेमकं काय सांगायचंय ते ठरवावं, उगाच चुकीचं काही जायला नको. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. हवल्लीच्या ज्या लॅबमध्ये मी काम करते तिथे रक्ताच्या प्रत्येक नळीवरचं नाव मी तीनदा वाचते आणि घरी निघाल्यावर अर्ध्या जिन्यातून परत जाऊन चौथ्यांदा. सोबतच्या मुली हसतात, म्हणतात, "बाई, नळी पळून जाणार नाही." पण गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली, आणि तीनदा वाचूनही ती मला दिसली नाही. ती तुम्हालाच सांगायला हवी, कारण तिची सुरुवात तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

शाळेची बस तेव्हा जहऱ्यापर्यंत येत नसे. त्यामुळे सात वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे आपलं स्वयंपाकघर आणि मास्तर म्हणजे तुम्ही. आई दवाखान्यात नर्स, तिची पाळी दुपारची. तुम्ही पहाटे सुलैबियाला पाण्याच्या प्लांटवर जायचात आणि दोन वाजता परत यायचात. ती वेळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तुम्ही दाराबाहेर बूट झटकता, वाळू जिन्यात सांडते, शेजारची मिसरी बाई आतून अरबीत ओरडते, तुम्ही बंद दाराकडे बघून हात जोडता. मग गॅसवर पिठलं, सोबत बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, आणलेली खबूस रोटी, कारण भाकरीला ज्वारी कुठून आणायची. आणि ओट्यासमोर तांदळाच्या डब्यावर मी, मांडीवर वही. "हं, बाईसाहेब, काल कुठवर आलो होतो?" शिकवताना तुम्ही मला बाईसाहेब म्हणायचात. रागावलात की नुसतं बाई.

त्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं बाहेरून पांढरी होती आणि आतून तुमचं प्रदर्शन. कँटीनमधली शिळी इंग्रजी वर्तमानपत्रं तुम्ही घरी आणायचात आणि त्यातले चेहरे कापून दारांच्या आतल्या बाजूला चिकटवायचात. कुठल्याशा बेटावरच्या देशाची एक मंत्रीण, केस माझ्यासारखे राठ. कुठल्या दूरच्या शहराची महापौर. संसदेत हात वर करून बोलणारा एक काळाभोर माणूस, दात दिसताहेत, हसतोय की भांडतोय ते कळत नाही. नावं तुम्ही वाचून दाखवायचात, आता मला एकही आठवत नाही. चेहरे मात्र आठवतात. मिठाच्या बरणीसाठी दार उघडलं की ते आपल्याकडे बघायचे. आई वैतागायची. "लोक देवाचे फोटो लावतात, तुम्ही हे कोण लावून ठेवलेत?" तुम्ही म्हणायचात, "तुझ्या पोरीचे नातेवाईक."

ते सगळे लोक आपल्या रंगाचे किंवा आपल्याहून काळे होते हे मला तेव्हा कळलं नव्हतं. का लावले होते, ते तर फार उशिरा कळलं. एका रात्री तुम्ही आईला सांगत होतात, मी दाराआड. प्लांटवर फोरमनची जागा रिकामी झाली होती. ते काम कितीतरी वर्षं तुम्हीच करत होतात, फक्त नाव नव्हतं. जागा दुसऱ्याला दिली. "साहेब म्हणाले, काम तर तूच चालवतोस रे, पण बाहेरचे पाहुणे येतात, समोर उभं राहायला माणूस जरा..." एवढं म्हणून तुम्ही हसलात. साहेब आपल्याच देशातले होते. आईने विचारलं, "जरा काय?" तुम्ही म्हणालात, "जरा उंच." प्लांटवर तुमच्याहून उंच कुणी नव्हतं, अण्णा. दाराच्या चौकटीला तुमचं डोकं लागायचं.

वजिराची गोष्ट तुम्ही मला त्याच आठवड्यात सांगितलीत. आफ्रिकेतल्या हबशी लोकांचं एक लेकरू, पळवून आणलेलं, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकलेलं, समुद्र ओलांडून शेवटी आपल्या दख्खनेत आलेलं. तिथे ते लेकरू शिपाई झालं, सरदार झालं, अखेर राज्याचा वजीर झालं. राजा नावाला, कारभार सगळा त्याचा. आणि त्याने आपल्या शहराला डोंगरातून पाणी आणलं, जमिनीच्या पोटातून, बांधीव कालव्यांतून आणि खापराच्या नळांतून. ही नहर तुम्ही लहानपणी पाहिली होती, तिच्या हवेच्या मनोऱ्यात दगड टाकून आवाज ऐकला होता. सांगताना तुम्ही पिठल्याचा झारा हातात धरून उभे होतात. "पंप नाही, मोटर नाही, लाइट नाही. नुसता उतार! आमच्या इंजिनिअर लोकांना सांगून बघ, चक्कर येईल त्यांना." मी विचारलं, "तो कसा दिसायचा?" तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत. हा प्रश्न मी विचारावा म्हणूनच जणू तुम्ही गोष्ट सांगत होतात. मग म्हणालात, "राज्य म्हणजे काय ते लेकरांना नंतर कळतं बाईसाहेब. राजा कसा दिसतो ते आधी कळतं." आणि वही ओढून घेऊन तुम्ही पेन्सिलने त्याला काढलंत. पागोटं, अंगरखा, कमरेला तलवार, शेजारी घोडा, मागे डोंगर. चित्र चांगलं आलं होतं. पाइपांच्या आकृत्या काढणारा हात, रेघ कुठेही थरथरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते रंगवलं. पागोटं लाल, अंगरखा हिरवा, डोंगर जांभळा, घोडा तपकिरी. चेहरा आणि हात तसेच ठेवले, कागदाच्या रंगाचे. तुम्ही आलात, मी वही छातीशी धरून उभी. "काय लपवायलीस? दाखव की." तुम्ही बघितलंत. गॅसवर दूध होतं, ते आधी बंद केलंत. "घोड्याला तपकिरी लावलास. माणसाला का नाही लावलास?" मी म्हटलं, "खराब होईल." मग तुमचा पंजा माझ्या चित्राशेजारी पानावर ठेवलात, सगळ्या नखांत प्लांटचा काळा गाळ, मागच्या बाजूला भाजल्याचा डाग. "हा हात खराब आहे का बाई?" मी म्हटलं, "नाही, पण तुम्ही वजीर नाहीत." तुम्ही हात उचलून घेतलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणालात, "उद्या रंगव." पण दुसऱ्या दिवशी आई बातमी घेऊन आली की बस आता जहऱ्याला येणार, आणि गणवेश, दप्तर, अकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, झेरॉक्सा यांच्या गडबडीत ती वही मागे पडली ती पडलीच.

त्या गोष्टीचं मी यंदा नाटक केलं. दर शुक्रवारी सकाळी हवल्लीत एका इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये मी आपल्या मुलांना मराठी शिकवते. इथल्या मराठी मंडळाने कुणीतरी हवं म्हटलं आणि मी हो म्हणून बसले. चौदा मुलं आहेत. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देतात. त्यांतली एक मुलगी नऊ वर्षांची. वडील रायगडच्या किनाऱ्यावरचे, जहऱ्यात त्यांचं मोबाइलचं छोटं दुकान. आई इथिओपियाची, जहऱ्यातच एका सलूनमध्ये काम करते. मुलगी रंगारूपाने सगळी आईवर गेलेली, डोक्यावर बारीक बारीक वेण्यांच्या ओळी, आणि बोलणं वडिलांचं. 'मला' ऐवजी 'मना' म्हणते. चौदांत ती एकटीच माझ्याशी सतत मराठीत बोलते. तिला तिकडून इकडे यायला तासभर लागतो तरी ती सगळ्यांत आधी येते, खुर्च्या मांडायला लागते, आणि म्हणते, "टीचर, आज मना फळा पुसायचाय."

नाटक बसवायचं आहे असं सांगून मी मुलांना तुमची गोष्ट सांगितली. ती संपायच्या आत ही पोर खुर्चीवर उभी. "टीचर, मी वजीर! मी!" मी हसले. आणि मागून कुणीतरी, कोण ते मी मुद्दाम शोधलं नाही, मजेत बोलल्यासारखं बोललं, "वजीर मेडसारखा दिसतो का?" दोन-चार मुलं हसली. इथे मोठ्या झालेल्या मुलांना यात काय वाटायचं आहे, अण्णा? त्यांनी तसा चेहरा पाहिला आहे तो दार उघडताना, बाळाची गाडी ढकलताना, मॉलमध्ये मालकिणीच्या मागे चार पावलांवर पिशव्या धरून चालताना. दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात भिंतीवर चौकटीतले चेहरे असतात, पुस्तकात पुढाऱ्यांची चित्रं असतात, त्यांत तो चेहरा कधी दिसलेला नाही. मुलं दुष्ट नव्हती, त्यांनी बघितलं तेच ती बोलली. मी म्हटलं, "असं बोलायचं नाही," आणि तेही इतक्या मऊ आवाजात की फळ्यालाही ऐकू गेलं नसेल. ती खुर्चीवरून उतरली. तरीही वर्ग सुटताना माझ्याजवळ येऊन म्हणालीच, "टीचर, मना सगळे डायलॉग द्या, मी पाठ करते." मी लिहिलेली पानं तिला दिली.

मी दोन दिवस विचार केला. मला वाटलं, वजिराचं काम तिला दिलं तर सगळे म्हणतील, रंगावरून दिलं. ती स्टेजवर आली की कुणीतरी पुन्हा ते 'मेड' म्हणेल, या वेळी मंडळाच्या कार्यक्रमात, दोनशे लोकांसमोर. तिच्या आईवडिलांना काय वाटेल? आपली मुलगी काळी म्हणून काळ्याचं काम? मी कागदावर दोन रकाने केले, द्यावं का आणि देऊ नये का, आणि देऊ नये हा रकाना लांबत गेला. शेवटी काम पुण्याकडच्या एका इंजिनिअरच्या मुलाला दिलं. दहा वर्षांचा, गोरा, आवाज खणखणीत, शहाणा मुलगा आहे. हिला पाणी भरणाऱ्या बायकांच्या रांगेत सगळ्यांत पुढे ठेवलं, डोक्यावर घागर.

त्या संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, वजिराचा काम कुणाला दिलात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "नाय, पोरगी दोन दिवस भिंतीला डायलॉग सांगत्ये, म्हणून विचारला." मी म्हटलं, "संवाद फार मोठे आहेत हो, ती लहान आहे अजून. तिला मी पुढे उभी करणार आहे, सगळ्यांना दिसेल." ते म्हणाले, "बरा. तुमी बोलता तसा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तुम्ही 'जरा उंच' म्हणालात तेव्हा तुमच्याही आवाजात नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजमागच्या खोलीत मी सेफ्टी पिना तोंडात धरून एकीच्या नऊवारीला निऱ्या घालत होते. त्या मुलाची आई पिशवी घेऊन आली. मनाने फार चांगली बाई आहे, सगळ्या मुलांसाठी घरून इडल्या करून आणल्या होत्या. पिशवीतून तिने हवल्लीतल्या दुकानातून आणलेल्या गडद फाउंडेशनच्या तीन बाटल्या काढल्या. "हबशी म्हणजे तसा दिसायला नको का? नाहीतर लोकांना वाटेल हा पेशवाच आलाय," म्हणाली, आणि खोलीतल्या आया हसल्या. मग तिने आजूबाजूला पाहिलं. ती मुलगी घागर घेऊन भिंतीशी उभी होती. "ए बाळा, जरा हात दे गं इकडे. शेड बघू दे." मुलीने हात पुढे केला. तिने त्या हातावर एका बाटलीतली रेघ ओढली, दुसरीतली ओढली, तिसरीतली ओढली, लांबून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. "ही. ही परफेक्ट जाते." आणि तिसऱ्या बाटलीतला रंग मुलाच्या तोंडाला लावायला बसली. तो कुरकुरला, "मम्मा, खाज येतेय." मुलगी हात तसाच पुढे धरून उभी. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "टीचर, मना लावायला लागलं नसतं."

माझ्या तोंडात पिना होत्या. त्या काढायला एक क्षण लागतो, अण्णा, एकच. त्या क्षणात मी काय काय म्हणू शकले असते. थांबा म्हणू शकले असते. अजून वीस मिनिटं होती, तिला सगळे संवाद येत होते. अंगरखा तिला थोडा लांब झाला असता, माझ्याकडे पिना होत्या. मी पिना हातात घेतल्या आणि म्हणाले, "तुझी घागर नीट धर. रांगेत उभी राहा."

नाटक चांगलं झालं, हेच मला सर्वांत जास्त लागलं. त्या मुलाने एकही वाक्य चुकवलं नाही. दरबारी लोक हसतात, म्हणतात, डोंगरातून पाणी कसं आणणार, आणि वजीर म्हणतो, "डोंगराच्या पोटात पाणी बोलतं. ज्याला कधी कुणी ऐकलं नाही, त्याला ते ऐकू येतं." हे वाक्य मी लिहिलंय. लिहिताना मला त्याचा अभिमान वाटला होता. टाळ्या पडल्या. दिव्यांच्या उष्णतेने त्याचा रंग वितळून अंगरख्याच्या गळ्यावर उतरत होता, आणि रांगेत सर्वांत पुढे, घागर डोक्यावर धरून ती उभी होती. तिचे ओठ हलत होते. त्याचं प्रत्येक वाक्य ती आवाज न करता त्याच्यासोबत बोलत होती. मी विंगेतून ते पाहिलं. नंतर सगळे मला शाबासकी द्यायला आले.

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. खुर्च्या मी एकटीने मांडल्या. तिसऱ्या शुक्रवारी वर्ग सुटल्यावर तुमची वही पिशवीत घातली आणि टॅक्सी करून जहऱ्याला गेले. कितीतरी वर्षांनी गेले. आपली इमारत पाडली आहे, तिथे आता टायरचं दुकान आहे. त्यांचं घर त्याच्या मागच्या गल्लीत. दार तिच्या आईने उघडलं, आणि तुम्हाला खरं सांगते, पहिल्या क्षणी माझ्या तोंडात 'मॅडम आहेत का' असं काहीतरी येऊ लागलं होतं. एवढी मी शिकलेली.

तिने मला बसवलं. कॉफीच्या हिरव्या बिया तव्यावर भाजल्या, त्यांचा धूर माझ्यापुढे धरला, वास घेतल्याशिवाय कॉफी देत नाहीत म्हणे त्यांच्यात. सोबत वाडग्यात मक्याच्या लाह्या. हिंदीत म्हणाली, "आप इतना दूर आया. बेटी का टीचर आया, अच्छा है." तिच्या हिंदीला व्याकरण नव्हतं, पण आपुलकी होती. मुलगी खोलीतून आली आणि आईच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. मी विचारलं, "वर्गाला येत नाहीस?" ती इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम बिझी, टीचर." पहिल्यांदा ती माझ्याशी इंग्रजीत बोलली.

मी म्हटलं, "माझं चुकलं. ते काम तुझं होतं." ती आत गेली. मग आईचा मोबाइल घेऊन आली, बोटाने बरंच सरकवत राहिली आणि एक चित्र माझ्यापुढे धरलं. जुनं, हाताने काढलेलं, एका बाजूने दिसणारा चेहरा. पांढरा झगा, पागोटं, काळाभोर, दाढी पिकत आलेली, नाक ठसठशीत. वजीर. "मी तेव्हाच शोधला, तुम्ही स्टोरी सांगितली त्याच दिवशी. हा माझ्या आजोबांसारखा आहे. मम्माच्या बाबांसारखा." तिची आई वाकून बघत हसली, "सेम नोज." मुलगी आता मराठीत बोलायला लागली होती, भरभर, चित्राकडेच बघत. "स्कूलमध्ये सगळे विचारतात, ती तुझी मेड आहे का. मी सांगते, मम्मा आहे, तर हसतात. मग मना वाटलं, मी वजीर झाले की सगळ्यांना दिसेल. हा पण मम्माच्या देशातला होता. आणि हा बॉस होता. सगळ्यांचा." जरा थांबून म्हणाली, "मग त्याने तो कलर लावला. मग सगळ्यांना वाटलं, असा कलर कुणाचा खरा नसतो. लावायला लागतो."

कॉफी माझ्या हातात गार झाली. अण्णा, मी ते चित्र कधी शोधलंच नव्हतं. नाटक लिहिताना मी नहरीची लांबी तपासली, खापराच्या नळांचा व्यास तपासला, त्या काळी वजीर कमरेला काय बांधत ते तपासलं. त्याचा चेहरा तपासावा असं सगळं तीनदा वाचणाऱ्या मला एकदाही सुचलं नाही. आणि हे लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी मला तुमच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. ते दोन रकाने मी नंतर केले. तिला लोक हसतील, तिच्या आईबापांना वाईट वाटेल, ही सगळी काळजी नंतरची. त्या दिवशी वर्गात गोष्ट संपत आली, ती खुर्चीवर उभी राहिली, त्या क्षणी 'वजीर' म्हणून माझ्या डोळ्यांपुढे आधीच कुणीतरी उभा होता, आणि तो गोरा होता. तुमच्या कपाटाच्या दारांमागे वाढलेली मी. मिठाच्या बरणीमागून रोज बघणारे ते सगळे नातेवाईक, आणि तरीही. शाळेच्या, पुस्तकांच्या, टीव्हीच्या, लग्नाच्या स्थळांच्या इतक्या वर्षांपुढे दोन दारं पुरली नसतील. की तुम्ही ते चेहरे दारांच्या आतून लावलेत म्हणून? बाहेरून लावायची तुमचीही हिंमत झाली नाही का, अण्णा? हा प्रश्न विचारताना मला भीती वाटते आहे, पण विचारते.

मी तिला म्हटलं, "पुढच्या वर्षी तू वजीर." ती मोठ्या माणसासारखं हसली. "पुढच्या वर्षी दुसरं नाटक असेल, टीचर." मग शुक्रवारी येशील का म्हटल्यावर खांदे उडवले. निघताना मी चपला घालत होते, तेव्हा दारापर्यंत आली आणि विचारलं, "टीचर, तुम्ही लहान असताना तुमच्याकडे होतं का त्याचं चित्र?"

मी म्हटलं, "नाही गं. तेव्हा कुठे चित्र होतं?"

येत्या शुक्रवारी ती येते की नाही मला माहीत नाही. मी आधी जाऊन खुर्च्या मांडीन, फळा पुसायचा ठेवीन. हे कागद घडी करून तुमच्या वहीत ठेवते आहे, लाल पागोट्याच्या त्या पानावर. पण खोटं बोलले, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय घडी घालवत नाही. वही तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. तिला द्यायलाच नेली होती. काढली नाही, कारण ती उघडली असती तर त्या पोरीने पहिलं हेच विचारलं असतं, की याचं तोंड असं कोरं कुणी ठेवलं.